राउटरने कडेला ओजी काढताना कोपरा फुटतो आणि मध्येच काळं पडतं, नेमकं कुठे बिनसतंय?

शांतनिळा
नमस्कार मंडळी. लिहिण्याचं टेबल करतोय. टॉप स्टीम बीचच्या पट्ट्या चिकटवून केलाय, जाडी २५ मिमी, रंधून सपाट झालाय, आता फक्त कडा राहिल्यात आणि काम तिथेच अडलंय. चारही बाजूंना ओजी काढायचंय, तो एसच्या वळणाचा आकार. राउटर, म्हणजे फिरत्या बिटने (कापायच्या पात्याने) लाकडाला आकार काढायचं मशीन, प्लंजवाला आहे, स्पीड कमीजास्त करता येतो, ८ मिमीचं कॉलेट (बिटचा दांडा पकडणारा भाग), बिटला खाली कडेवर टेकून चालणारं बेअरिंग आहे आणि बिट सगळ्यात रुंद जागी ३५ मिमी भरतं.

टॉपला हात लावायच्या आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या फळीवर चालवून बघितलं. दोन गोष्टी दिसल्या. फळीच्या आडव्या टोकावर, म्हणजे एंड ग्रेनवर, बिट जिथून बाहेर पडतं तिथला कोपरा ढलपी निघून फुटतो. दुसरं म्हणजे कडेवर काळपट पट्टे येतात आणि ते पॉलिश पेपरने सहज निघत नाहीत. स्पीड किती ठेवायचा, किती पासमध्ये (फेऱ्यांत) काढायचं, आणि कुठल्या बाजूपासून सुरुवात करायची? नीट सविस्तर सांगा, हा टॉप मला बिघडू द्यायचा नाहीये.

कानस
आधी हे सांग की मशीन कुठल्या दिशेने ढकलतोस? हातात राउटर धरून बाहेरच्या कडेवर काम असेल तर फळीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. कडेसमोर उभं राहिलास की डावीकडून उजवीकडे. फ्रेमच्या आतल्या कडेला बरोबर उलट.

शांतनिळा
डावीकडून उजवीकडेच जातोय. तेवढं मॅन्युअलमध्ये वाचलं होतं.

वाकसकाका
मग दिशेचा प्रश्न नाही, क्रमाचा आहे. आडव्या टोकावर बिट कोपऱ्याशी पोचतं तेव्हा तिथल्या शेवटच्या तंतूंच्या मागे आधाराला काहीच उरलेलं नसतं. बिट त्यांना कापत नाही, बाहेर ढकलतं, आणि ते मुळापासून उचकटतात. हे थोडंफार होणारच असं धरून चालायचं आणि क्रम असा लावायचा की फुटलेला भाग पुढच्या कापात निघून जाईल. म्हणून आधी दोन्ही आडवी टोकं आणि मग दोन्ही उभ्या कडा. उभी कड काढताना बिट कोपऱ्यातून जितकं लाकूड खातं तितक्यात ती ढलपीची जागा आली तर नावनिशाणी राहत नाही.

हाताच्या रंध्याने कडा मारणारे सुतार हाच क्रम पाळायचे, फक्त तिथे टोकाकडून मध्याकडे दोन्ही बाजूंनी रंधा मारायची सोय असते. राउटरला ती सोय नाही.

भुसाभर
काका, दोन्ही आडवी टोकं आधी संपवायची गरज नाही असं माझं मत. एका आडव्या टोकापासून सुरुवात करा आणि न थांबता घड्याळाच्या उलट चक्कर मारा. प्रत्येक आडव्या टोकाचा बाहेर पडायचा कोपरा लगेच पुढच्या उभ्या कडेत येतोच. चार वेळा मशीन उचला, ठेवा, परत सुरुवात करा, हे सगळं वाचतं, आणि दर वेळी टेकवताना डाग पडायचा धोका असतो तोही टळतो. फक्त सुरुवात उभ्या कडेपासून करायची नाही, नाहीतर शेवटचा कोपरा फुटून तसाच राहतो.

वाकसकाका
भूमितीने बरोबर आहे तुझं. पण सलग जाताना चारही कोपऱ्यांवर बेअरिंग वळवावं लागतं आणि तिथे हात हटकून मंदावतो. डाग तिथेच पडतात. मी आजही टोकं आधी घेतो.

ढलपी
क्रम कुठलाही घ्या, ढलपी ओजीच्या खोलीपेक्षा जास्त आत गेली तर दोन्ही क्रम फेल. उभ्या कडेचा काप तिथपर्यंत पोचतच नाही. बीच घट्ट विणीचं लाकूड आहे, त्यात निभावतं. ओक, अॅश, सागवान असल्या उघड्या रेषांच्या लाकडात ढलपी लांबवर पळते. मी कोपऱ्याला त्याच जाडीचा टाकाऊ तुकडा क्लॅम्पने घट्ट लावते, टॉपच्या कडेशी अगदी सपाट, मध्ये फट नाही. बिट टॉपमधून निघून त्या तुकड्यात जातं आणि जे फुटायचं ते तुकड्याचं फुटतं. बेअरिंगलाही पुढे चालायला जागा मिळते, कोपऱ्यात घसरून आत वळत नाही.

चिन्मयी_क
स्पीडबद्दल. ३५ मिमीचं बिट २४००० आरपीएमवर फिरवलं तर त्याच्या बाहेरच्या धारेचा वेग सेकंदाला ४४ मीटर होतो. त्याच स्पीडवर १२ मिमीच्या बिटची धार फक्त १५ मीटरने जाते. डायल एकाच जागी ठेवून दोन्ही बिटं चालवली तर मोठं बिट जवळपास तिप्पट वेगाने लाकडावर आपटतंय. ५० मिमीचं बिट २४००० वर घेतलं तर ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर, एवढ्या वेगात असलेली धातूची वस्तू आपल्या बोटांपासून वीतभर लांब असते.

साधारण असं धरा: २५ मिमीपर्यंतची बिटं २२ ते २४ हजारावर चालतात, २५ ते ५० ला १८ हजारापर्यंत, त्याहून मोठ्यांना १६ आणि मग १२ हजाराच्या खाली. बिटवर किंवा डबीवर कमाल आरपीएम छापलेला असेल तर तोच शेवटचा शब्द. तुझ्या बिटला मी १६ ते १८ हजार ठेवेन.

आता डागांचं. आरपीएम आणि पुढे ढकलायचा वेग वेगळे बघू नकोस. बिटला दोन धारा आहेत, १८००० ला मिनिटाला ३६००० काप होतात. मिनिटाला ३ मीटर ढकललंस तर प्रत्येक धार ०.०८ मिमीचा छिलका काढते. २४००० वर घाबरत घाबरत मिनिटाला १ मीटर गेलास तर तोच छिलका ०.०२ वर येतो. एवढ्या बारीक छिलक्यात धार कापण्यापेक्षा घासतेच जास्त आणि उष्णता भुशाबरोबर बाहेर पडायच्या ऐवजी लाकडात आणि बिटमध्ये मुरते. बीच, मेपल, चेरी ही लाकडं तर पटकन काळी पडतात. हळू ढकलणं म्हणजे काळजीपूर्वक काम, असं वाटतं खरं, पण राउटरच्या बाबतीत ते उलटं पडतं.

शांतनिळा
बापरे, हे खूप उपयोगी आहे. माझ्या डायलवर १ ते ६ आकडे आहेत, आरपीएम लिहिलेलं नाही.

चिन्मयी_क
मॅन्युअलमध्ये कुठेतरी तक्ता असतोच, कुठला आकडा म्हणजे किती. तो बघ, छाप आणि मशीनजवळ चिकटवून टाक.

कानस
कानाने पण कळतं. बरोबर चाललं असेल तर आवाज एकसारखा राहतो आणि छिलके उडतात. हळू जातोयस तर आवाज उंच, किंचाळल्यासारखा, आणि बाहेर पीठ येतं. जास्त दाबलंस तर मोटर दबते, आवाज खाली उतरतो. अर्थात हे सगळं कानावर इअरमफ लावूनही नीट ऐकू येतं, काढून बघायची गरज नाही. गाण्याचे हेडफोन म्हणजे इअरमफ नाहीत, हे आपल्या तरुण मंडळींसाठी.

दातेरी
सगळे स्पीडवर बोलताय पण कोणी विचारलंच नाही की काळं नेमकं कुठे पडतंय. शांतनिळा, ती फळी उजेडात धरून नीट बघ आणि सांग. वळणाच्या आत, जिथे धार कापते तिथे रुंद डाग आहेत का? की वळणाच्या खाली जो सरळ भाग उरतो, जिथे बेअरिंग टेकतं, तिथे एक बारीक सरळ रेघ आहे? दोन्ही कारणं पूर्ण वेगळी आहेत.

शांतनिळा
आत्ता बघून आलो. वळणात फक्त कोपऱ्याजवळ पुसट तपकिरी आहे. पण खालच्या सरळ भागावर एक बारीक काळी रेघ आहे, अगदी पट्टीने ओढल्यासारखी, आणि बोट फिरवलं तर तिथे थोडं चकचकीत गुळगुळीत लागतं.

दातेरी
मग तुझं बेअरिंग जाम झालंय. बेअरिंग बिटबरोबर फिरायला नको. ते लाकडाला टेकून तुझ्या ढकलण्याच्या वेगाने सावकाश गडगडत जायला हवं आणि आतला दांडा तेवढा त्यात फिरायला हवा. ते अडकलं की लाकडावर तेही १८ हजाराने घासतं आणि ती चकचकीत रेघ पाडतं. तिथले तंतू दाबले जाऊन भाजलेले असतात, म्हणून पेपरने निघत नाही.

मशीनचा प्लग काढ, बिट बाहेर काढ, शँक (बिटचा दांडा) चिमटीत धर आणि बेअरिंग नखाने फिरव. मोकळं फिरलं पाहिजे, खरखर नको, आणि बाजूला हलता पण कामा नये. अडखळत असेल तर वरचा छोटा स्क्रू काढून नवीन टाक, आतला आणि बाहेरचा व्यास मात्र कॅलिपरने मोजून तोच घे. बाहेरचा व्यास बदलला तर आकार बदलतो.

भुसाभर
वा, हे भारी पकडलंस दातेरी!

शांतनिळा
खरंच अडकतंय. नखाने जोर लावला तर कुरकुरत थोडं फिरतं. बिट जुन्या सेटमधलं आहे, मला कोणीतरी दिलेलं. दोन धारांच्या मागे तपकिरी थर पण साचलाय.

दातेरी
तो राळेचा थर. तो साचला की धार असूनही बिट बोथटासारखं वागतं, कारण धारेच्या मागची मोकळी जागाच भरून जाते. साफ करताना बेअरिंग आधी काढून बाजूला ठेव. पुष्कळ जण अख्खं बिट क्लीनरमध्ये बुडवतात, त्यात बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं आणि पुढच्या कामात ते जाम होतं. तुझ्या बिटचंही बहुतेक असंच झालं असावं. धारेवरच्या कार्बाइडला जुन्या टूथब्रशने घास, वायरब्रश नको, कार्बाइड कडक असलं तरी ठिसूळ असतं, धारेचे टवके उडतात.

अर्धगोल
बेअरिंगचं चाललंय तर एक मजेची गोष्ट सांगतो. राउंडओव्हरचं (कड गोल करायचं) बिट आणि बीडिंगचं (पायरीसकट गोल काढायचं) बिट बरेचदा एकच असतं, फक्त बेअरिंग लहान. लहान बेअरिंग टाकलं की बिट कडेत तेवढं जास्त आत जातं आणि गोलाच्या खाली एक पायरी उमटते. वरची पायरी तर बेअरिंग न बदलताच मिळते, बिट थोडं खाली उतरवलं की झालं. एकाच बिटमधून साधा गोल, एका पायरीचा, दोन पायऱ्यांचा असे तीन आकार. म्हणून नवीन माणसाने बारा बिटांचा सेट घेण्यापेक्षा एक चांगला राउंडओव्हर, एक ४५ अंशाचा चॅम्फर (तिरकी कड काढणारा) आणि एक कोव्ह (आत वळलेला गोल काढणारा) घ्यावा, वर दोनतीन बेअरिंगं. कोव्ह आणि राउंडओव्हर वेगवेगळ्या खोलीवर एकाखाली एक चालवून मोठाले आकारही रचता येतात.

निवांत_सुतार
थोडं विषयांतर. ओजीच का? २५ मिमीच्या लिहिण्याच्या टेबलाला ओजी काढलं की मनगट नेमकं त्या वळणावर टेकतं आणि धूळ त्या खोबणीत बसते. वरून २ मिमीचा बारीक गोल आणि खालून मोठा तिरका चॅम्फर मारा. खालून लाकूड गेलं की समोरून फक्त वरची बारीक कड दिसते आणि २५ चा टॉप १५ चा वाटतो. हलका, देखणा. माझ्या मते कडेची खरी नक्षी तीच.

प्रभाताई
निवांत, तुमचं टेबल देखणं असेल, पण ओजीला असं बाजूला टाकू नका. ओजीत गंमत सावलीची आहे. गोल भागावर उजेड हळूहळू मावळतो, आत वळलेल्या भागात सावली साचते, मध्ये जिथे वळण बदलतं तिथे एक मऊ संधिरेषा दिसते. चॅम्फरला एकच सपाट छटा असते. जुन्या ग्रीक इमारतींचे असले आकार दगडात बघा, ती वळणं लंबवर्तुळाच्या जवळ जाणारी, एका बाजूला चपटी आणि दुसऱ्या बाजूला घट्ट. रोमनांनी तीच वळणं वर्तुळाच्या कमानींनी काढली. बाजारातल्या बिटांवर रोमन ओजी लिहिलेलं असतं ते या दुसऱ्या जातीचं, दोन कमानी जोडून केलेलं. खिडकीच्या बाजूला टेबल असेल तर ओजी नक्की काढावं, शांतनिळा. फक्त मनगट टेकणाऱ्या बाजूला वरची पायरी धारदार ठेवू नका, पेपरने मोडा.

शांतनिळा
टेबल खिडकीपाशीच ठेवायचंय. ताई, ठरलं मग, ओजीच. घरातल्यांचं मत पण तेच होतं, आता मी एकटा पडत नाही.

नवशिका
मी नवीन आहे, हाच धागा वाचून विचारतो. माझ्याकडे १८ मिमीचं प्लाय आहे, सनमायका नाही, वर सागाचं व्हेनिअर. त्याला असा आकार काढला तर चालेल का?

ढलपी
काढता येईल, पण व्हेनिअर अर्ध्या मिमीचंच असतं, वळणात खालचे सगळे थर उघडे पडतील, एक उभा एक आडवा. बेअरिंग प्लायच्या पोकळ थरावरून गेलं तर तिथे आत घसरून खळगा पाडतं. घन लाकडाची पट्टी कडेला चिकटवा, ओजी जितकं आत जातं त्याहून ४-५ मिमी रुंद, सुकल्यावर वरून व्हेनिअरशी सपाट करा आणि मग त्या पट्टीत आकार काढा. एमडीएफ असेल तर ढलपी नाही, ग्रेन नाही, आकार सुरेख निघतो, पण कापलेली जागा रंग पाण्यासारखा पिते. आधी सीलर मारून, पेपर मारून, परत सीलर.

भुसाभर
आणि एमडीएफला मास्क. नाकावर रुमाल बांधून काही होत नाही, एन९५ किंवा त्याच तोडीचा लावा, जमलं तर राउटरला व्हॅक्यूमची नळी. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय, ते नाकाच्या आतल्या पोकळीच्या कर्करोगाबद्दल आहे, आणि बीच, ओक असल्या लाकडांत काम करणाऱ्यांमध्येच ते आधी ठळक दिसलं. शांतनिळा, तुझं बीच आहे, तुलाही हे लागू.

हातरंधा
कोपऱ्याच्या प्रश्नावर एक उपाय कोणी बोललंच नाही. क्लाइंब कट. म्हणजे शेवटचे दोनतीन इंच उजवीकडून डावीकडे, बिटच्या फिरण्याच्या दिशेनेच. त्यात धार तंतूंना बाहेरून आत दाबते, उचकटत नाही. कोपरा आधी असा हलक्या हाताने मारून ठेवायचा आणि मग नेहमीच्या दिशेने पूर्ण कड. एकदम स्वच्छ निघतं.

कानस
हातरंधा, ज्याने आत्ता राउटर घेतलाय त्याला हे सांगू नका हो. क्लाइंब कटमध्ये बिट लाकडाला पकडून स्वतःच पुढे धावतं, मशीन हातातून ओढलं जातं. ३५ मिमीच्या बिटला ते पेलत नाही.

हातरंधा
पूर्ण खोलीवर म्हणत नाहीये. अर्धा मिमी, दोन्ही हात हँडलवर, टॉप क्लॅम्पने बांधलेला. एवढं पाळलं तर ताब्यात राहतं.

दातेरी
दोघंही बरोबर. अर्ध्या मिमीचा काप ताब्यात राहतो, पण माणूस अर्ध्यावर थांबत नाही हीच अडचण. नवीन माणसाने टाकाऊ तुकड्याचा आधार घ्यावा. आणि राउटर टेबलवर तर क्लाइंब कट अजिबात नाही. तिथे आपण लाकूड ढकलतो, तेही उजवीकडून डावीकडे, उलट ढकललं तर बिट फळी हातातून खेचून नेतं आणि हात रिकामा बिटकडे जातो.

गोल टॉप असेल तेव्हा मात्र हे ज्ञान लागतंच. घड्याळाच्या उलट फिरताना चारपैकी दोन चतुर्थांश तंतूंच्या विरुद्ध कापले जातात. आडव्या टोकाकडून उभ्या रेषांकडे येताना जो भाग लागतो तो. तिथे पास अजून बारीक करायचा. उरलेल्या दोन भागांत काहीच त्रास होत नाही, आणि मग माणूस चक्रावतो की एकाच फळीवर इथे लोणी आणि तिथे काटेरी कसं.

वाकसकाका
उलटसुलट रेषांच्या लाकडाला माझा सल्ला, शेवटचा हात राउटरने मारूच नका. करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा घ्या, कानशीने त्यावर हव्या त्या आकाराचा उलटा साचा काढा, लाकडी ठोकळ्याच्या चिरेत घट्ट बसवा. झालं खरवडायचं हत्यार. ठोकळा कडेला टेकवायचा, हत्यार थोडं पुढे कलतं धरायचं आणि ओढायचं. सुरुवातीला दोन्ही हातांना कळ लागते, पण रेषा कुठल्याही दिशेला असोत, ढलपी निघत नाही, कारण ते खणत नाही, खरवडतं. राउटरने बहुतेक लाकूड काढा आणि शेवटचा केसभर याने. मशीनच्या धारेने उमटलेल्या बारीक लाटाही यातच जातात. तो पृष्ठभाग हाताला जसा लागतो तसा पेपरने कधीच लागत नाही.

अर्धगोल
काका, हे फोटोसकट वेगळ्या धाग्यात लिहा ना, विनंती.

इलेक्ट्रिक_मामा
मला कॉलेटबद्दल बोलायचंय, आतापर्यंत कोणी बोललं नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमीची शँक पाव इंचाच्या कॉलेटमध्ये जाते, आवळल्यावर घट्ट पण वाटते आणि धरत मात्र नाही. ८ मिमीच्या कॉलेटला ८ मिमीचीच शँक. शँक पूर्ण आत घालायची, मग २-३ मिमी बाहेर ओढायची आणि मग आवळायचं. तळाला टेकलेली असली तर आवळताना कॉलेट तिला खाली ओढू शकत नाही, पकड अर्धवट राहते. कॉलेटमधली राळ आणि भुसा दर वेळी पुसायचा.

खूण सांगतो. कड काढताना सुरुवातीला आकार बरोबर आणि पुढे जाता जाता खोल होत गेला असेल तर बिट सरकतंय. खोलीचा स्क्रू हलला असं सगळ्यांना आधी वाटतं, बहुतेक वेळा कॉलेट असतं. तिथल्या तिथे बंद करा. आणि बिटला हात लावायच्या आधी प्लग बाहेर, स्विच बंद पुरत नाही.

नवशिका
ट्रिमरवर, म्हणजे एका हाताने धरायच्या छोट्या राउटरवर, चालेल का हे सगळं? माझ्याकडे तेवढंच आहे.

इलेक्ट्रिक_मामा
लहान राउंडओव्हर, ६ मिमी त्रिज्येपर्यंत, चॅम्फर, आरामात. ३५ मिमीचं बिट ट्रिमरला नको. बऱ्याच ट्रिमरांचा स्पीड ३० हजाराच्या आसपास ठरलेला असतो, कमी करता येत नाही, आणि शँक ६ मिमीची.

शांतनिळा
मंडळी, नवीन बेअरिंग आलं, बिट साफ केलं. परत उरलेल्या फळीवर घेतलं, डायल १७ हजाराच्या जवळपास, आडवी टोकं आधी आणि कोपऱ्याला ढलपीताईंनी सांगितल्याप्रमाणे तुकडा. पास असे केले: पहिले ३-३ मिमी खाली उतरवत आणि शेवटचा अर्ध्या मिमीचा. काळी रेघ पूर्ण गायब. कोपरा शाबूत. वळणात कोपऱ्याजवळ जी पुसट तपकिरी होती ती शेवटच्या बारीक पासमध्ये निघून गेली. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः दातेरी.

आता उद्या टॉपवर. एकच शंका, ओजीची उंची १३ मिमी आहे आणि निवांतदादांचं ऐकून खालून पण ६ मिमीचा चॅम्फर मारावा म्हणतो. बेअरिंगला जागा उरेल?

दातेरी
२५ मधून १३ आणि ६ गेले, ६ उरले. भरपूर. २-३ मिमी सपाट असलं तरी बेअरिंग चालतं. मात्र टॉपची कड आधी पेपरने एकदम साफ कर, करवतीच्या खुणा, चिकटलेला फेव्हिकॉलचा थेंब, काहीही ठेवू नकोस. बेअरिंग जे बघतं तेच वर उमटवतं.

अर्धगोल
आणि ज्यांना पूर्ण अर्धगोल कड हवी, वरून आणि खालून गोल मिळून, त्यांनी हाच हिशेब करावा. १९ मिमीच्या फळीला दोन्हीकडून साडेनऊचा गोल मारला तर दुसऱ्या बाजूला बेअरिंगला टेकायला काही राहतच नाही, बिट आत घुसतं. तिथे राउटर टेबलवर फेन्स (फळी टेकवायची सरळ भिंत) बेअरिंगच्या समोरच्या कडेशी सरळ पट्टी लावून एका रेषेत आणायची आणि फळी फेन्सला टेकवून चालवायची. टेबल नसेल तर फळीच्या खाली त्याच कडेशी जुळणारी सरळ पट्टी दुहेरी टेपने चिकटवायची आणि बिट इतकं खाली उतरवायचं की बेअरिंग त्या पट्टीवर चालेल. बारीक पट्ट्यांना आकार काढायचा असेल तर आधी रुंद फळीच्या कडेला काढून मग करवतीने पट्टी वेगळी करायची, सुटी बारीक पट्टी बिटसमोर धरायची नाही.

प्रभाताई
शांतनिळा, पॉलिशच्या आधी एक करा. आडव्या टोकांच्या वळणात तंतूंची तोंडं उघडी असतात, ती स्टेन जास्त पितात आणि उभ्या कडेपेक्षा गडद दिसतात. टॉपला १८० नंबरच्या पेपरपर्यंत घासत असाल तर या दोन टोकांना २४० किंवा ३२० पर्यंत न्या, म्हणजे रंग जुळतो. पेपर बोटाने दाबू नका, बोट कंगोरे खाऊन टाकतं. ट्रायलच्या फळीवर ओजी काढलेलंच आहे ना, तिच्यावर फूडवाला पातळ प्लास्टिक पेपर घालून पुट्टीचा गोळा दाबा, सुकला की उलट्या आकाराचा ठोकळा तयार होतो. त्याला पेपर गुंडाळून घासा.

शांतनिळा
ताई, पुट्टी कुठली? कारच्या डेंटची चालेल का, हार्डनरवाली?

प्रभाताई
तीच घ्या, पटकन सेट होते आणि आक्रसत नाही. हार्डनर मोजून, आणि खिडकी उघडी ठेवून.